नीट रिपीट करताय? आधी मार्क कुठे सांडले ते बघा

२०२२ ची माझी नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, १७ जुलैला झाली आणि रिझल्ट ७ सप्टेंबरला लागला. ७२० पैकी ४३१. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, कापसाला बोंडं धरलेली, मी वडिलांसोबत वावरात गेलो की बांधावरचा प्रत्येक जण एकच विचारायचा, "काय रे भो, नंबर नही लागना का?" नाही लागला. पुढची नीट होती ७ मे २०२३ ला, म्हणजे रडून उरलेले दिवस धरून हातात बरोबर आठ महिने होते. त्यात १६१ मार्क वाढले, ५९२ झाले, आणि आता धुळ्याला थर्ड इयरला आहे. दरवर्षी जूनमध्ये जळगाव-धुळे-नंदुरबारकडून ओळखीतल्या ओळखीत फोन येतात की दादा आता काय करू, तर प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतोय.

रिपीट करायचं का, हे आधी

सगळ्यांनी करावं असं मला वाटत नाही. दोन वर्षं खरंच बसून अभ्यास केला, क्लास बुडवला नाही, टेस्ट दिल्या, आणि तरी मार्क दोन-अडीचशेच्या आत असतील तर अजून एक वर्ष त्याच रस्त्याने जाण्याआधी घरच्यांसोबत बसून नीट बोला. पण अकरावी अशीच गेली, बारावीत बोर्डाचंच केलं, शेवटचे तीन महिने धावपळ केली आणि तरी तीनशे-चारशे आले असतील तर रिपीटला अर्थ आहे, कारण तुमचा खरा अटेम्प्ट अजून झालेलाच नाहीये.

अटेम्प्टची मर्यादा नाही, वयाची वरची अटही २०२२ पासून काढलीये, त्यामुळे "आता चान्स गेला" असं कोणी घाबरवलं तर ऐकू नका. एक मात्र तपासा, बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायो मिळून ओपनला ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के लागतात. तिथे कमी पडत असाल तर बोर्डाच्या श्रेणीसुधार परीक्षेचा फॉर्म वेळेत भरा, नाहीतर नीटला सहाशे आणूनही उपयोग नाही.

आणि मागच्या वर्षीच्या मार्कांवरून यंदाचं टार्गेट ठरवू नका. २०२४ ला ओपनचं क्वालिफाय व्हायचं कट-ऑफ १६२ होतं, २०२५ ला पेपर असा कडक निघाला की ते १४४ वर आलं आणि देशात पहिला आलेल्या मुलाला ६८६ होते. तुलना करायची तर रँकची करा, आपल्या कॅटेगरीतल्या स्टेट मेरिटची करा.

पेपरचं पोस्टमॉर्टम

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कोणी करत नाही. रिझल्ट लागला की आठ दिवसांत रिपीटर बॅच सुरू होते, सर परत युनिट अँड मेजरमेंटपासून शिकवायला घेतात, आपण परत पहिल्या पानावर तारीख टाकून नवीन वही सुरू करतो. मीही तेच केलं. एका मोठ्या शहरातला क्लास, बॅचमध्ये शंभरच्या वर पोरं, ॲडमिशन घेताना "प्रत्येकाचं टेस्ट ॲनालिसिस करून देतो" म्हणाले होते, प्रत्यक्षात भिंतीवर रँकची लिस्ट लागायची आणि विषय संपायचा. तीन आठवड्यांनी लक्षात आलं की जे मला येतं तेच मी परत शिकतोय.

मग गावी आलो आणि दहा दिवस पुस्तक न उघडता फक्त माझा पेपर उघडला. नीटला प्रश्नपत्रिका घरी आणता येते, ओएमआरचा (गोळे भरलेल्या उत्तरपत्रिकेचा) स्कॅन आणि आन्सर की परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या साइटवर येते. ती लिंक थोडे दिवसच चालू असते, म्हणून दिसली की लगेच डाउनलोड करून दोन ठिकाणी सेव्ह करा.

माझा हिशोब असा निघाला. १८० पैकी ११९ बरोबर, ४५ चूक, १६ सोडलेले. फिजिक्स ७१, केमिस्ट्री ९८, बायो २६२. इथवर सगळेच जण करतात आणि "फिजिक्स कच्चं आहे" म्हणून वही बंद करतात. खरं काम इथून पुढे आहे, चुकलेला प्रत्येक प्रश्न घ्यायचा आणि समोर लिहायचं की हा का चुकला. माझे ४५ असे पडले: आठ प्रश्न असे की कन्सेप्टच माहीत नव्हता. अकरा असे की एनसीईआरटीच्या पुस्तकातली ओळ वाचलेली होती पण आठवली नाही. चौदा तुक्के. आणि बारा, म्हणजे तब्बल बारा, येत असून चुकलेले, कुठे "चुकीचं विधान ओळखा" होतं आणि मी पहिलं बरोबर विधान दिसल्या दिसल्या गोळा काळा केला, कुठे गुणाकार चुकला, एका ठिकाणी तर उत्तर पेपरवर बरोबर आणि ओएमआरवर खालच्या ओळीत.

चुकलेला प्रश्न म्हणजे पाच मार्क, चार मिळणारे गेले आणि एक खिशातला गेला. बारा पंचे साठ. अकरा पंचे पंचावन्न. म्हणजे एकही नवीन चॅप्टर न शिकता ११५ मार्क जमिनीवर सांडलेले होते आणि मी मात्र कन्सेप्ट क्लिअर करायला युनिट अँड मेजरमेंट परत शिकत होतो! तुमचे आकडे वेगळे निघतील, कोणाचे आठाच्या जागी तीस निघतील, त्याने शिकायलाच बसलं पाहिजे. पण आधी बघा तर खरं.

तुक्क्याबद्दल थोडं वेगळं सांगतो कारण क्लासमध्ये सरसकट "तुक्का मारू नका" सांगतात आणि ते गणितात बसत नाही. बरोबरला अधिक चार, चुकीला वजा एक. पाच तुक्क्यांत एक बरोबर आला तरी चार आले आणि चार गेले, हिशोब बरोबरीत. दोन ऑप्शन नक्की खोटे आहेत हे माहीत असेल आणि उरलेल्या दोनांत अडकला असाल तर मारायलाच पाहिजे. माझा घोटाळा तिथे नव्हताच. माझा घोटाळा शेवटच्या दहा मिनिटांत होता, न वाचता गोळे भरले होते, आणि ते भरायच्या घाईत वरचेही दोन बिघडले. त्यानंतर प्रत्येक मॉकमध्ये मी तुक्क्याच्या प्रश्नाशेजारी पेनाने टिंब द्यायचो, घरी येऊन फक्त टिंबं मोजायची, किती बरोबर किती चूक. दहा टेस्टनंतर आपला तुक्का कुठल्या विषयात लागतो ते कळतं. माझा बायोत लागायचा, फिजिक्समध्ये अजिबात नाही, मग फिजिक्समध्ये बंद केला.

कुठे राहून करायचं

आपल्याकडे रिपीट म्हटलं की लातूर, नांदेड, नाहीतर कोटा. पोरगं बॅग घेऊन भुसावळच्या स्टेशनवर उभं. वाईट काही नाही, ज्यांचा बेसच झालेला नाही त्यांना रोजचं शिकवणं लागतं. पण पोस्टमॉर्टममध्ये तुमचे बरेचसे मार्क घाईत आणि विसरण्यात गेलेले निघाले तर क्लासपेक्षा टेस्ट सिरीज आणि शांत जागा जास्त कामाची. मी नोव्हेंबरपासून अमळनेरला एका अभ्यासिकेत बसलो, सकाळी गावाहून एसटीने यायचं, संध्याकाळी परत. पैसे नसतील तर शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूरचं साथी नावाचं पोर्टल फुकट आहे, त्यावर नीटचे व्हिडिओ आणि टेस्ट आहेत, एनटीएच्या साइटवर जुने पेपर आहेत.

घरी राहणार असाल तर घरच्यांशी पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या. कापूस वेचणीला मजूर मिळत नाही, पोरगं घरी बसलेलं दिसतं, मग "एकच दिवस ये" होतं. मी वडिलांना सांगितलं होतं की रविवारी दुपारनंतर काय सांगाल ते करतो, बाकी नाही, आणि त्यांनी पाळलं. कानबाईच्या उत्सवाला, पोळ्याला सुट्टी घ्या, बिनधास्त रोट खा, एका दिवसाने काही होत नाही. लग्नसराई मात्र सोडा. सगळी भाऊबंदकी तिथे एकत्र असते आणि प्रत्येक पंगतीत तोच प्रश्न.

विषय

मोठ्या भावाच्या, ताईच्या नोट्स वापरत असाल तर थांबा. २०२४ पासून सिलॅबस बदललाय. केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, एस ब्लॉक, पॉलिमर असे चॅप्टर गेले, आणि प्रॅक्टिकलवर आधारित भाग आला, फिजिक्समध्ये व्हर्नियर, स्क्रू गेज वगैरे प्रयोग आले, बायोत माल्व्हेसीसारखी फॅमिलीज आली. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) सिलॅबसची प्रिंट काढून भिंतीला लावा आणि त्यात नसलेलं पान फाडून टाका, म्हणजे खरंच फाडा, नाहीतर मोह होतो.

बायो म्हणजे १८० पैकी ९० प्रश्न, ३६० मार्क. स्टेट बोर्डवाल्यांची इथे एक अडचण असते, आपण बालभारतीचं पुस्तक वाचलेलं असतं आणि प्रश्न येतो एनसीईआरटीच्या वाक्यावर. ओळ न् ओळ वाचा हे सगळेच सांगतात, पण पाचव्यांदा वाचताना डोळे फक्त फिरतात. मी उलटं करायचो, पान बंद करून त्यातले आठवतील तितके मुद्दे कोऱ्या कागदावर लिहायचे आणि मग पुस्तक उघडून जे सुटलं ते लाल पेनाने टाकायचं, पुढच्या वेळी फक्त लाल वाचायचं. आकृत्यांखालचा मजकूर आणि टेबलंही यात धरा. मराठीतून पेपर देणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पेपरमध्ये इंग्रजीही शेजारी असतं आणि भाषांतरात काही घोळ वाटला तर इंग्रजीच अंतिम धरतात, त्यामुळे इंग्रजी संज्ञा तोंडपाठ पाहिजेत.

केमिस्ट्रीचं थोडक्यात: इनऑर्गॅनिक पाठांतर, ऑर्गॅनिकमध्ये जीओसी (जनरल ऑर्गॅनिक केमिस्ट्री) पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, फिजिकलमध्ये रोज दहा गणितं.

फिजिक्स. आपल्याकडच्या बहुतेकांचं घोडं इथेच अडतं आणि मग एक तर सगळं सोडतात किंवा सगळं वर्ष त्यालाच देतात. दोन्ही चूक. ज्याला ७१ आहेत त्याने १८० चं स्वप्न बघू नये, ४५ पैकी तीसेक बरोबर आणि चुका पाचच्या आत एवढं धरावं. करंट, इलेक्ट्रोस्टॅटिक्स, मॉडर्न फिजिक्स, सेमिकंडक्टर, थर्मोडायनॅमिक्स, रे ऑप्टिक्स, युनिट्स, हे आधी पक्के करा, रोटेशन नंतर. कॅल्क्युलेटर मिळत नाही, त्यामुळे आकडेमोड हाताने. मोबाइलवर भागाकार करायची सवय असेल तर ती आजच सोडा, माझ्या बारांपैकी पाच तिथलेच होते.

चुकांची वही

दोनशे पानी साधी वही. प्रत्येक टेस्टनंतर चुकलेला प्रश्न, एका ओळीत कारण. "मायक्रोफॅरडचं फॅरड करायला विसरलो." डिसेंबरात वही चाळली तर हेच वाक्य चार वेगवेगळ्या तारखांना माझ्याच अक्षरात लिहिलेलं. चौथ्या वेळी इतका राग आला की प्रश्नात "मायक्रो" दिसलं की आधी त्याला गोल करायचा आणि मगच पुढे वाचायचं असं ठरवलं. परत नाही झालं. ही वही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचायचं एकमेव पुस्तक.

मॉक कधी सुरू करायचे? सिलॅबस संपायची वाट बघू नका. सप्टेंबरपासून आठवड्याला एक, जो भाग झाला त्याचा. जानेवारीपासून फुल सिलॅबसचे आठवड्याला दोन. एप्रिलमध्ये एक दिवसाआड. जितका वेळ टेस्टला तितकाच वेळ ती तपासायला, नाहीतर देऊच नका. २०२५ पासून १८० प्रश्न १८० मिनिटांत आहेत, आमच्या वेळी दोनशेतले १८० सोडवायचे आणि २०० मिनिटं मिळायची, ती ढील आता नाही. बायो पन्नास मिनिटांच्या आत, मग केमिस्ट्री, फिजिक्सला किमान सत्तर मिनिटं उरली पाहिजेत.

आणि टेस्ट दुपारी दोनलाच द्या. पेपर दोन ते पाच असतो, मे महिन्यात, आपल्याकडे पारा ४४-४५ ला. वर्षभर पहाटे पाचला गार हवेत मॉक दिलेत तर त्या दिवशी दुपारी डोकं चालत नाही. मी मार्चपासून जेवण साडेअकराला करायचो, साधी भाजी-भाकरी, भरीत आणि शेवभाजी रात्रीला. घड्याळ आत नेता येत नाही, तर मॉकलाही मनगटावर ठेवू नका, भिंतीवरचं बघायची सवय लावा. ओएमआर शीटच्या प्रिंट काढून काळ्या पेनाने गोळे भरा, मोबाइलवर टिचकी मारून दिलेली टेस्ट अर्धीच.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दरवर्षी नेमकी परीक्षेच्या आसपास येते, २०२५ ला ३० एप्रिलला होती आणि ४ मेला पेपर. बहिणी माहेरी आलेल्या, झोके, गाणी, घर भरलेलं. तेवढे चार दिवस मित्राच्या नाहीतर मामाच्या घरी जाऊन बसा. सांजोरी कोणीतरी आणून देतंच.

मधे एक काळ येतो, साधारण जानेवारी, मार्क दोन महिने एकाच जागी अडकतात आणि झोप उडते. मला वाटलं होतं मलाच होतंय, सगळ्यांनाच होतं. पण झोप-जेवण तुटलं, नको ते विचार यायला लागले तर घरात कोणालातरी सांगा, आणि घरी सांगता येत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलतात.

कागदपत्रं

मार्क येऊन कागदामुळे सीट गेलेली पोरं मी स्वतः पाहिलीत, म्हणून हे जून-जुलैमध्येच हातात घ्या, पुढच्या जूनची वाट बघू नका.

राखीव जागेसाठी नुसता जातीचा दाखला चालत नाही, व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याला वेळ लागतो. जुने पुरावे मागतात, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१, एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गाव नमुना, जन्म-मृत्यूच्या नोंदी. आमच्या घरी वडील दोन आठवडे जुन्या जिल्हा परिषद शाळेत खेटे घालत होते, शेवटी आजोबांच्या नावाची ओळ सापडली तर आडनावाऐवजी नुसती जात लिहिलेली, आणि तेच नेमकं कामाला आलं. शिरपूर, चोपडा, शहादा भागातल्या एसटीच्या केसेस तर जास्तच लांबतात, घरी चौकशीला येतात, त्यामुळे पहिल्या वर्षी अर्ज टाकला नसेल तर आजच टाका. घरात सख्ख्या भावाची, काकाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर तिची कॉपी लावा.

नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, ते बघून रिन्यू करा. ऑल इंडिया कोट्याच्या १५ टक्के जागांसाठी ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा लागतो, राज्याचा तिथे चालत नाही. डोमिसाइल, नॅशनॅलिटी, आणि गॅपचं ॲफिडेव्हिट, हेही सेतूतून करून ठेवा. दहावीच्या मार्कशीटवर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का बघा, "पाटील" आणि "पाटिल" च्या भानगडीत आमच्या एका दोस्ताचे चार दिवस गेले. मुलींसाठी एक, ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर २०२४ पासून ट्यूशन फी पूर्ण माफ आहे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो.

फॉर्म आणि कॅप राऊंड

नीटसोबत एमएचटी-सीईटीचा पीसीबी ग्रुप आणि बीएस्सी नर्सिंगची सीईटी भरून ठेवा. नीटच्याच मार्कांवर बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, फिजिओ आणि व्हेटर्नरी पण आहेत. खिशात दुसरा पर्याय असला की पेपरला हात कमी थरथरतो.

कॅप म्हणजे प्रवेशाच्या सरकारी ऑनलाइन फेऱ्या. त्यात कॉलेजांचे प्रेफरन्स भरताना "इथे मला मिळेल का" हा विचार करू नका, जे खरंच हवं ते वर, कमी हवं ते खाली, आणि लिस्ट लांब ठेवा. आपल्याकडे सरकारी तीन आहेत, धुळे, जळगाव, नंदुरबार, पण फक्त ही तीन टाकून बसणारे दरवर्षी फसतात. सत्तर टक्के जागा आपापल्या विभागातल्या पोरांना, हा सत्तर-तीसचा विभागीय कोटा २०२० मध्ये रद्द झालाय, त्यामुळे मराठवाडा-विदर्भातली कॉलेजंही तुमच्यासाठी तेवढीच मोकळी आहेत. सीट मिळाली, जॉइन केलं, पण अजून चांगलं हवंय, तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरू नका, तो भरला की पुढच्या राऊंडला बेटरमेंट, म्हणजे वरच्या पसंतीची सीट मिळत नाही. मिळालंय तेच हवं असेल तरच भरा.

"मॅनेजमेंटमधून सीट करून देतो" म्हणणारे या काळात मोबाइलवर सुरू होतात. प्रायव्हेटच्या सीटसुद्धा नीटच्या मेरिटवर कॅपमधूनच भरतात, एकालाही ॲडव्हान्स देऊ नका. परदेशातून एमबीबीएस करायचं म्हणणाऱ्यांनी एवढं बघा की नीट क्वालिफाय असणं तिथेही लागतं आणि कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, वर बारा महिने इंटर्नशिप असा नसेल तर इथे परत आल्यावर लायसन्स मिळत नाही.

जॉइनिंगच्या दिवशी कॉलेज सगळे ओरिजिनल ठेवून घेतं. आदल्या दिवशीच प्रत्येक कागदाच्या दहा झेरॉक्स काढा, सगळं स्कॅन करून मोबाइलमध्ये ठेवा, फोटो पंधरा-वीस न्या. मी सहाच नेले होते, अर्ध्या तासात संपले आणि धुळ्यात भर पावसात फोटो स्टुडिओ शोधत फिरलो, वडील व्हॅलिडिटीची फाइल शर्टाच्या आत धरून आडोशाला उभे.